सगळं श्रेय हळदीला नको

"वरणभात आणि हळदीमुळे आपल्याकडे प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर कमी," असं म्हणतात. आहाराचा वाटा असेलही, पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

वयाचा फरक वजा केला तरी उत्तर युरोपात दर लाख पुरुषांमागे वर्षाला ८०च्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात, दक्षिण आशियात १०पेक्षाही कमी. या फरकातला बराच भाग आजार किती शोधला जातो याचा आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस पीएसए ही या कॅन्सरचा संशय दाखवणारी रक्ततपासणी सर्रास होऊ लागली आणि १९९२पर्यंत नोंदी एकदम उसळल्या. आजार काही तेवढा वाढला नव्हता. आयुष्यभर त्रास न देणारे कॅन्सरही सापडू लागले. म्हणूनच मृत्युदरांत एवढी मोठी तफावत दिसत नाही.

तरी सगळंच तपासणीवर ढकलता येत नाही. हवाईत स्थायिक झालेल्या जपान्यांमध्ये हे प्रमाण जपानपेक्षा वाढलं, म्हणजे राहणीमान आलंच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आहे. तिथे आनुवंशिकता आहे आणि उपचार मिळण्यातली विषमताही.

ठाण्यात नौपाड्यात आमच्या शेजारचे काका रात्री चार-पाचदा लघवीला उठायचे. बहुतेकदा ते प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या (कॅन्सर नसलेल्या) वाढीमुळे असतं, त्यामुळे "वय झालं" म्हणत दोन वर्षं गेली. कंबर धरली तेव्हा तपासलं, तर कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. आता खारघरच्या कॅन्सर रुग्णालयाच्या फेऱ्या चालू आहेत. घरातल्या बाबा-काकांना एकदा विचारा, रात्री किती वेळा उठता?