चूक कोणत्या धाग्यात?
पेशी डीएनएची नक्कल करते, तेव्हा जुन्या धाग्यासमोर नवा धागा तयार होतो आणि दोन्हींवरच्या अक्षरांच्या (ए, टी, जी, सी) जोड्या जुळतात. एखादी जोडी चुकली तर दोन धाग्यांपैकी चूक कुठल्या धाग्यात आहे हे पेशीला कळतं कसं? फार मोलाचा प्रश्न! कारण जुनाच धागा बदलला तर चूक कायमची होऊन बसेल.

ई. कोलाय जिवाणूत जुन्या धाग्यावर जीएटीसी या क्रमातल्या 'ए'वर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण असते. नव्या धाग्यावर ती चढायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात म्यूटएस हे प्रथिन चुकलेली जोडी हेरतं आणि म्यूटएच बिनखुणेचा, म्हणजे नवा धागा कापतं. पॉल मॉड्रिच यांना २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा याच संशोधनासाठी मिळाला.

माणसात ही खूण नसते. तिथे नव्या धाग्यात राहिलेल्या फटी कामी येतात. या दुरुस्तीची एमएलएच१ किंवा एमएसएच२ जनुकं जन्मतः सदोष असली तर लिंच सिंड्रोम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या व इतर काही कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक विकार होतो. घरात कमी वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल जरूर विचारा.