मोकळ्या कोंबड्यांसमोर दिवसभर खाद्य ठेवावं का?

परसदार:
दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांसमोर सकाळपासून खाद्याचं भांडं भरून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. भांडं समोर असलं की कोंबडी लांब जातच नाही. तिथेच घुटमळते, तिथेच घाण करते. पालापाचोळा उकरून किडे, गवताचं बी, कोवळा पाला टिपायचा सोडून आयत्या दाण्यावर बसते. राहिलेलं दिवसा चिमण्या-कावळे खातात, रात्री उंदीर. मी सकाळी काहीच घालत नाही. संध्याकाळी मोजून घालतो, त्यामुळे हाक मारली की सगळ्या खुराड्याकडे पळत येतात. कुणाचं मत वेगळं असेल तर कारणासकट सांगा.

खुराडं:
अजिबात पटलं नाही. कोंबडी कोणती, ते आधी सांगा. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीला रोज 110 ते 120 ग्रॅम संतुलित खाद्य लागतं आणि त्यात 16-17 टक्के प्रथिनं असावी लागतात. एका अंड्यातून 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं बाहेर पडतात. गवत वाळलं, जमीन कडक झाली की ती आणणार कुठून? स्वतःच्या अंगातून काढते. छातीचं हाड हाताला टोचायला लागतं आणि मग अंडी थांबतात. कमी अंडी देणाऱ्या काटक जातींचं निभावतं, सगळ्यांचं नाही.
आणि संध्याकाळी मोजून घालता ते नेमकं काय?

परसदार:
अर्धं अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, अर्धा मक्याचा भरडा.

खुराडं:
मग हिशेब करा. मक्यात प्रथिनं 8-9 टक्के. निम्मं-निम्मं मिसळलं की एकूण साडेबारा टक्क्यांवर येतं. ही तूट किड्यांनी भरून निघते असं तुम्ही धरून चालला आहात. गांडुळाच्या वजनात सुमारे 80 टक्के पाणीच असतं. मका चरबी वाढवतो, अंडं नाही.

तलंग:
मला तिसरीच अडचण दिसते. एकदाच खाद्य घातलं की दांडग्या कोंबड्या आधी पोट भरतात आणि दबलेल्या कडेला उभ्या राहतात. आमच्याकडे एक भुरी कोंबडी भांड्याजवळ आली की टोच बसायची, म्हणून ती यायचीच नाही. एका मोठ्या भांड्याऐवजी तीन भांडी ठेवली, तीही एकीकडून दुसरं दिसणार नाही अशी. आता ती निवांत खाते.
कॅल्शियमचाही विचार करा. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच घडायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवावा. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात, रात्रभर पुरतात. खाद्यात मात्र मिसळू नये. अंड्यावर न आलेल्या तलंगांना जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं, आणि मोकळ्या कळपात सगळ्या वयाच्या एकत्रच खातात.

परसदार:
तीन भांड्यांचं पटलं, तसं करतो. मक्याचा वाटाही कमी करतो, हिशेब बरोबर आहे. पण मूळ मुद्दा सोडत नाही. कोंबड्या दांडीवर बसल्या की मी एकेकीच्या छातीच्या वर, तिच्या उजव्या बाजूला, हात लावून बघतो. तिथली अन्नाची पिशवी टणक आणि भरलेली लागली तर पोटभर मिळालं. सपाट लागली तर दुसऱ्या दिवशी वाढवून घालतो. सकाळी ती रिकामी हवी. सकाळीही गच्च असेल तर लांब गवत अडकलं का ते बघायला लागतं. भांडं दिवसभर भरलेलं असलं की कोण खातंय आणि कोण नाही, हे कळतच नाही.

खुराडं:
हात लावून बघणं उत्तमच, सगळ्यांनी करावं. पण पिशवी गवतानेही भरते. भरलेली आहे म्हणजे पोषण मिळालं असं होत नाही. आठवड्यातून एकदा छातीचं हाडही चाचपा, दोन्ही बाजूंचं मांस उतरलंय का ते तिथे कळतं.

परसदार:
हाड चाचपतो. पिसं झडण्याच्या काळात मी सकाळीही घालतोच, कारण पिसं जवळपास सगळी प्रथिनांचीच.

खुराडं:
मग कडक उन्हाच्या दिवसांतही घाला ना! उन्हात कोंबडी सावलीला बसून धापा टाकते, फिरत नाही आणि खातही कमी. तिची खायची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची. त्यातली पहाट तुम्ही कोरडी ठेवताय. दिवसभर भांडं नको असेल तर नको, उजाडल्यावर तासभर ठेवा आणि उचला. उंदरांचाही प्रश्न येणार नाही.

परसदार:
तासभराचं करून बघण्यासारखं आहे. उन्हाच्या दिवसांपुरतं. किडे भरपूर असतात तेव्हा मात्र सकाळ त्यांनी बाहेरच काढावी.