घुशींच्या बिळात विष टाकण्याआधी

बागेत घुशी कंद कुरतडत असतील तर बिळाबिळात झिंक फॉस्फाईडचं (उंदीर-घुशी मारायच्या विषाचं) आमिष टाका किंवा पिंजरे लावा, असं सुचवलं जातं. त्यातला विषाचा सल्ला मला अजिबात पटत नाही. ते पोटात गेलं की फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. सोसायटीतलं कुत्रं किंवा मांजर त्याला तोंड लावू शकतं, आणि रांगतं मूलही. पिंजरे लावायच्या सल्ल्याशी मात्र सहमत. फक्त चालू बीळ कोणतं ते आधी ओळखायला हवं. घूस आत गेली की बरेचदा तोंड भुसभुशीत मातीने बुजवते, त्यामुळे उघडं दिसणारं बीळ कित्येकदा रिकामंच असतं. कोथरूडला आमच्या बागेत आम्ही संध्याकाळी सगळी बिळं पायाने दाबून टाकतो. सकाळी जिथे ताजी माती वर आलेली दिसेल तिथेच पिंजरा, आत शेंगदाणे किंवा सुकट. हातमोजे घालाच, पावसाळ्यात तर नक्की, कारण घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा गंभीर आजार) होतो.

आणि एक, रात्री चिकचिक आवाज करत भिंतीच्या कडेने पळते ती लांब नाकाची चिचुंदरी असते. ती किडे, झुरळं, गोगलगायी खाते, कंद कुरतडत नाही. ती पिंजऱ्यात सापडली तर कृपया सोडून द्या. अळूच्या नव्या वाफ्याला मात्र तळाशी आणि कडेने बारीक गॅल्व्हनाइज्ड जाळी घालूनच माती भरा. पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे रात्री उचलले नाहीत, तर नव्या घुशी येतच राहतील.