नॉनलिनिअर सायन्समध्ये पीएच.डी.: आधी प्रश्न की आधी प्रवेश?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खडूफळा

एम.एस्सी. गणिताचे निकाल लागले की विद्यार्थी विचारू लागतात: उपयोजित गणितात, विशेषतः नॉनलिनिअर डायनॅमिक्समध्ये (परिणाम कारणाच्या प्रमाणात वाढत नाही अशा प्रणालींचा अभ्यास), पीएच.डी.ला नाव नोंदवावं का? माझं मत असं की फेलोशिप आणि प्रश्न हातात असल्याशिवाय नोंदवू नये. दोन्हींपैकी एकच असेल तरी थांबावं.

फेलोशिपचा हिशेब सोपा आहे. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाली की ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप त्या त्या समाजघटकांसाठी आहेत, त्यांचे अर्ज वेळेत भरावेत. यातलं काहीच नसेल तर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत संशोधन करावं लागतं. सीएचबीत शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात, सुट्टीत काही नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत कोड चालवायला सलग दोन तासही सापडत नाहीत.

प्रश्नाचं दुखणं जास्त खोल आहे. ‘अमुक समीकरणाची तमुक पद्धतीने उकल’ हा संशोधनाचा प्रश्नच नव्हे. अडोमियन डिकम्पोझिशन, होमोटोपी पर्टर्बेशन, व्हेरिएशनल इटरेशन या मालिकेने उकल काढणाऱ्या पद्धतींच्या नावांनी आपल्याकडे ढिगाने प्रबंध झाले. सुरुवातीची किंमत दिलेल्या, बहुपदी उजवी बाजू असलेल्या डिफरन्शियल इक्वेशनला यातली पहिली पद्धत लावली की बहुतेक वेळा हाती येते ती t = ० भोवतीची टेलर मालिका. नाव नवं, मालिका तीच. तिची अभिसरण त्रिज्या मर्यादित असते, म्हणून आलेख t = १ पाशी थांबवलेले दिसतात.

लॉरेन्झ प्रणाली घ्या: तीन समीकरणांचं, केऑस (सुरुवातीच्या किरकोळ फरकाने पुढचा अंदाज कोलमडणं) दाखवणारं प्रसिद्ध मॉडेल, नेहमीचे σ = १०, ρ = २८, β = ८/३. तिचा सर्वांत मोठा ल्यापुनोव्ह घातांक (शेजारच्या दोन उकली किती वेगाने दुरावतात ते सांगणारी संख्या) सुमारे ०.९०६ आहे. सुरुवातीला आठव्या दशांशस्थळी चूक असेल तर t = २० च्या आसपास ती १ एवढी होते. म्हणजे खरा प्रश्न सुरू होतो तिथवर ही मालिका पोचतच नाही. मग ‘मल्टिस्टेज’ म्हणून दर ०.०१ ला मालिका नव्याने सुरू करतात. ती झाली साधी टेलर पद्धत. रुंगे-कुट्टा ही नेहमीची पायरीपायरीची पद्धतही तेच काम करते.

कातळशिल्प

सहमत नाही, निदान दुसऱ्या अटीशी तरी नाही. प्रश्न आधी ठरवून येणारा विद्यार्थी कुठून आणणार? तो पहिल्या दोन वर्षांत वाचूनच सापडतो. कोर्सवर्क ठेवलंय ते त्यासाठीच.

आणि अशा अटींमागोमाग येणारा ‘उपयोग दाखवा, डेटा दाखवा’ हा हट्ट गणितात घातक ठरतो. दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. गोव्यातल्या कोसबेंत जन्म, पुण्यात फर्ग्युसनमध्ये अध्यापन. तिथे असतानाच १९४३ साली त्यांनी यादृच्छिक फलनांच्या लंबकोनी विस्ताराबद्दलचा लेख इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला. पुढे तो विस्तार कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखला गेला. १९५६ साली लॉरेन्झने (हो, तोच लॉरेन्झ) हवामानाच्या अंदाजात हेच तंत्र ‘एम्पिरिकल ऑर्थोगोनल फंक्शन्स’ म्हणून वापरलं, १९६७ साली लम्लीने ते प्रक्षुब्ध प्रवाहात नेलं. आज पावसाळ्याच्या लहरी मोजताना नकाशांचे हजारो बिंदू दोन-चार घटकांवर आणतात ते याच वाटेने. १९४३ मध्ये ‘डेटा कुठाय?’ असं विचारून कुणी तो लेख परत पाठवला असता तर?

पाना-पकड

तुम्ही दोघेही नोकरी म्हणजे विद्यापीठ असं धरून बोलताय. पुणे-पिंपरी पट्ट्यात नॉनलिनिअर गणित रोज चालतं, पाटीवर ‘सीएई’ (संगणकाच्या मदतीने अभियांत्रिकी) किंवा ‘एनव्हीएच’ (आवाज आणि कंपनं) लिहिलेलं असतं एवढंच. अ‍ॅन्सिस, दसॉ सिस्टिम्स यांची सॉफ्टवेअर-विकासाची केंद्रं पुण्यात आहेत, एआरएआय ही वाहनचाचणी संस्था आहे, वाहनकंपन्या आहेत.

ब्रेकची किंचाळी घ्या. डिस्क आणि पॅडमधल्या घर्षणाने दोन मोड (कंपनाचे प्रकार) एकत्र येतात आणि स्थिर अवस्था डळमळते. नेहमीचं कॉम्प्लेक्स आयगेनव्हॅल्यू विश्लेषण रेखीय असतं. ते अस्थिर मोड सांगतं, पण प्रत्यक्षात वाजतात त्यापेक्षा जास्त सांगतं, आणि आवाज किती मोठा हे सांगतच नाही. आयाम (कंपनाचा मोठेपणा) हवा असेल तर लिमिट सायकलपर्यंत, म्हणजे कंपन एका ठराविक आवर्तनात स्थिरावेपर्यंत, नॉनलिनिअर गणन करावं लागतं. हॉफ द्विशाखन (स्थिर अवस्था मोडून आवर्ती कंपन सुरू होणं) पाटीवर शिकलेला माणूस इथे पहिल्या महिन्यात उपयोगी पडतो.

दुसरं उदाहरण, पातळ कवचाचं अचानक उलटं होणं. भार वाढवत नेला की समीकरणं सोडवणारी न्यूटन-रॅफसन पद्धत एका बिंदूला अडकते. नवशिका भाराची पायरी निम्मी करतो, पुन्हा निम्मी करतो, काही होत नाही. कारण त्या मर्यादा-बिंदूला स्पर्शी स्टिफनेस मॅट्रिक्सच सिंग्युलर (व्यस्त नसलेलं) असतं. उपाय रिक्सची आर्क-लेंथ पद्धत: भारालाही अज्ञात धरायचं आणि वक्रावरच्या अंतराचं एक समीकरण वाढवायचं. द्विशाखनाचे आलेख काढायला ऑटो किंवा मॅटकॉन्ट ही सॉफ्टवेअर वापरणारे नेमकं हेच करतात. पीएच.डी. न करता, एम.एस्सी.नंतर वर्षभर फायनाइट एलिमेंट, सी++ आणि पायथन नीट शिकून ही दारं उघडतात. पाच वर्षं कशाला?

तिसरी घंटा

पाना-पकड, मुलाखतीत यांत्रिकीचा पदवीधर आणि गणिताचा एम.एस्सी. शेजारी बसले तर काय होतं, तेही लिहा. गणितवाल्याने फ्री-बॉडी डायग्राम काढलेला नसतो, मेश (वस्तूचे गणनासाठी पाडलेले लहान तुकडे) म्हणजे काय ते पाहिलेलं नसतं. एका वर्षात हे भरून निघतं, पण आपोआप नाही. सॉल्व्हर विकसित करणाऱ्या गटात मात्र गणितवाल्याचं पारडं जड असतं, आणि त्या जागांना पीएच.डी. मागतात.

माझा मूळ मुद्दा मात्र वेगळा. आपल्याकडचे बहुतांश गणित-पीएच.डी. शेवटी वरिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. वेतनश्रेणी लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७००. पीएच.डी. लागते ती पुढे, सहयोगी प्राध्यापक होताना. तेव्हा क्रम उलटा करा: आधी नेट-सेट, मग नोंदणी.

सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, निगेटिव्ह मार्किंगशिवाय. नेटचा गणिताचा पेपर २०० गुणांचा. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न प्रत्येकी २ गुण, भाग ब मध्ये ४० पैकी २५ प्रत्येकी ३, भाग क मध्ये ६० पैकी २० प्रत्येकी ४.७५. अ आणि ब मध्ये चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, क मध्ये कापत नाहीत. पण क मध्ये सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण, तीनपैकी दोन ओळखले तर शून्य. डायनॅमिक्सकडे जाणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे फक्त तिसरं युनिट (डिफरन्शियल इक्वेशन, न्यूमरिकल, व्हेरिएशन्स, इंटिग्रल इक्वेशन, मेकॅनिक्स) घट्ट करणं. लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिस सोडून निकाल लागत नाही. आणि या दोन विषयांशिवाय पुढे स्टेबल मॅनिफोल्डचं प्रमेयही कळणार नाही, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

खडूफळा

कातळशिल्प, कोसंबींच्या लेखात सिद्ध करण्याजोगं नवं विधान होतं. माझी हरकत शुद्ध सिद्धांताला नाही. ज्या कामात नवं प्रमेय नाही, नवं गणन नाही आणि मोजमापही नाही, त्याला आहे. फ्रॅक्शनल एपिडेमिक मॉडेल (साथीच्या समीकरणात अपूर्णांकी घाताचं डेरिव्हेटिव्ह वापरणारं) हा त्याचा ठळक नमुना. एसआयआर (बाधा होऊ शकणारे S, बाधित I, बरे झालेले R अशा गटांचं साथीचं मॉडेल) घ्यायचं, डावीकडच्या d/dt चा घात १ चा α करायचा, उजवी बाजू तशीच ठेवायची, α = ०.९, ०.८, ०.७ चे तीन आलेख जोडायचे. डाव्या बाजूचं एकक ‘दर दिवस’ न राहता ‘दिवसाचा ऋण α घात’ होतं, उजवीकडे संसर्गदर β मात्र अजून दर दिवस. म्हणजे समीकरण मितींतच बसत नाही.

त्यात कॅप्युटो-फॅब्रिझिओसारखा नॉन-सिंग्युलर गाभा (डेरिव्हेटिव्हमध्ये भूतकाळाला वजन देणारं, कुठेही अनंत न होणारं फलन) असेल तर आणखी बिघडतं. गाभा मर्यादित असल्याने डावी बाजू t = ० ला शून्य होते, म्हणून उजवी बाजूही तिथे शून्य हवी. एसआयआरच्या पहिल्या समीकरणात ती −βSI आहे. म्हणजे साथ सुरू होताना एकही संसर्ग होऊ नये अशी अट समीकरणच घालतं! डीटहेल्म, गराप्पा, जुस्ती आणि स्टाइन्स यांनी २०२० मध्ये हे दोष मांडले, तरी असे लेख येतच आहेत. उद्धरणांची फुगवाफुगवी इतकी झाली की क्लॅरिव्हेट या उद्धरणं मोजणाऱ्या कंपनीने २०२३ च्या ‘हायली साइटेड’ यादीतून गणित हा विषयच वगळला. अशा विषयात पाच वर्षं घातलेल्या मुलाचा अर्ज चांगल्या संस्थेत पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो, आणि त्यात त्याचा दोष सगळ्यात कमी असतो.

अर्धाघात

फ्रॅक्शनलला सरसकट झोडपू नका. रबर, डांबर, जिवंत ऊती यांवर कायम भार ठेवला तर विकृती (आकारातला बदल) काळाच्या अपूर्णांकी घाताने वाढते, आणि ही वाढ काळ कित्येकदा दहापट झाला तरी तशीच टिकते. स्प्रिंग आणि डॅशपॉट (चिकट द्रवातला दट्ट्या) जोडून हे बसवायला दहा-बारा प्राचल लागतात. स्प्रिंग-पॉट या एका फ्रॅक्शनल घटकाला दोन पुरतात. इथे α मोजता येतो, आणि मितीही जुळतात.

नॉन-सिंग्युलर गाभ्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, त्याची बाजू मी घेणार नाही.

या विषयात कठीण आणि खुलं काम भरपूर पडलंय. कॅप्युटो (नेहमीचं फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्ह) समीकरणात प्रत्येक पायरीला सगळा इतिहास लागतो, १०,००० पायऱ्यांना सुमारे ५ कोटी बेरजा. ‘शॉर्ट मेमरी’ म्हणून जुना भाग कापला तर चूक हळूहळू साचते आणि केऑसमध्ये ती दिसतही नाही. ठराविक α च्या स्वायत्त कॅप्युटो प्रणालीला काटेकोर आवर्ती उकल असूच शकत नाही, हे २००९ मध्ये सिद्ध झालंय. तरी ‘लिमिट सायकल सापडलं’ असं छापून येतं. आणि पूर्णांकी प्रणालीसाठी लिहिलेला ल्यापुनोव्ह कोड तसाच चालवून निघालेले घातांक निरर्थक असतात, कारण इथली अवस्था तीन संख्यांची नसून सबंध भूतकाळाची असते. यावर नीट काम करणारा विद्यार्थी मागे राहणार नाही.

कातळशिल्प

अर्धाघातांच्या प्रतिसादामुळे माझाच मुद्दा पक्का होतो. हे खुले प्रश्न एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रवेशाआधी कळणार कसे? खडूफळा ज्याला अट म्हणतात, ती विद्यार्थ्यावर नको, मार्गदर्शकावर घाला.

उत्तरवारा

परदेशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. जर्मनीत पीएच.डी. ही बहुधा नोकरी असते: टीव्ही-एल ई१३ ही सरकारी वेतनश्रेणी, बऱ्याचदा पूर्णपेक्षा कमी वेळेचा करार. तिथल्या कायद्याने पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षंच ठराविक मुदतीच्या पात्रता-करारावर राहता येतं, हे पोस्टडॉकला निघताना लक्षात ठेवावं. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या योजनेतल्या जागांना अट अशी की भरतीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. भारतातून जाणाऱ्याला ही अट सोयीची. पण कुणी आधी तिथेच एम.एस्सी. केलं असेल तर ते बाद होतात.

अर्जात काय चुकतं? ‘मला केऑसमध्ये रस आहे’ असं लिहिलेलं पत्र वाचलं जात नाही. गटाच्या एका लेखातली एक आकृती स्वतः काढून, कोडसह पाठवली तर उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते. परतीचा रस्ता अरुंद आहे. आयआयटीत ग्रेड १ सहायक प्राध्यापकाला पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो. गणितातल्या लहान प्रकल्पाला मॅट्रिक्स ही छोट्या अनुदानाची सरकारी योजना आहे. प्रयोगशाळा नसलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

पाना-पकड

देशातही मोजमापाशी जोडलेलं काम आहे, ते सुटायला नको. आयआयटी मद्रासमध्ये सुजित यांच्या गटाने ज्वलनकक्षातल्या दाबाच्या नोंदींवरून दाखवलं की पूर्ण अस्थिरता येण्याआधी मधूनमधून मोठ्या आंदोलनांचे झटके दिसतात आणि हर्स्ट घातांक (नोंदीतले चढउतार किती काळ टिकून राहतात त्याचं माप) शून्याकडे उतरतो, म्हणजे आगाऊ इशारा मिळतो. गॅस टर्बाइन बनवणाऱ्याला हे आजच हवंय. पुण्यात आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेत २०२४ पासून ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ महासंगणक चालतोय. पाच वर्षं कशाला, असं मी वर विचारलं होतं. असा प्रश्न मिळत असेल तर ती वर्षं द्यावीत, हे मान्य.

खडूफळा

मार्गदर्शकावर अट, मान्य. मग ती तपासायची कशी ते लिहितो, कारण विद्यार्थ्याला हे एका दुपारी करता येतं. त्यांच्या गटाचा केऑसवरचा एखादा लेख काढा आणि ल्यापुनोव्ह घातांकांचा तक्ता पाहा. लॉरेन्झसाठी तिन्हींची बेरीज −(σ + १ + β), म्हणजे −१३.६७ यायलाच हवी, कारण आकारमान त्याच दराने आक्रसतं. मधला घातांक शून्य हवा, उरलेला −१४.५७ च्या जवळ. दुसरी प्रणाली असेल तर तिच्या जेकोबियनचा (आंशिक डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्सचा) ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, घ्या. तो स्थिरांक असेल तर बेरीज त्याच्याइतकी हवी, नसेल तर कक्षेवरच्या त्याच्या सरासरीइतकी. मग पायरी निम्मी करून, सुरुवातीची काळाची १०० एकके टाकून देऊन, तेच गणित पायथनमध्ये स्वतः चालवा. बेरीज जुळली नाही तर मार्गदर्शकांना कोड मागा. कोड मिळतो का आणि किती दिवसांत मिळतो, हे नोंदणीचा अर्ज भरण्याआधी कळलेलं बरं.