चर्चा: सात-आठ वर्षं ॲड्स (गुगलवरच्या पैसे भरून दिलेल्या जाहिराती) आणि एसईओ (जाहिरातीशिवाय साइट सर्चमध्ये वर आणणं) करणाऱ्याला सर्टिफिकेटची गरज आहे का?

लँडिंगपेज (धागा सुरू)

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या डिजिटल मार्केटिंग एजन्सींच्या नोकरीच्या जाहिराती हल्ली एकाच छापाच्या असतात: "अनुभव किमान ५ वर्षं, गुगल ॲड्स सर्टिफाइड असणे आवश्यक." फ्रेशरला सर्टिफिकेट उपयोगी पडतं, त्यावर वाद नको. प्रश्न मुरलेल्या माणसांचा आहे.

माझं मत: उपयोग जवळपास शून्य. गुगलच्या स्किलशॉप या प्रशिक्षण साइटवरची परीक्षा फुकट, वेळ ७५ मिनिटं, पास व्हायला ८० टक्के. नापास झालात तर २४ तासांनी परत द्या. समोर पर्यवेक्षक नाही, आणि प्रश्न जसाच्या तसा सर्चमध्ये टाकला की उत्तरांची पानंच्या पानं निघतात. सर्च मार्केटिंगच्या माणसाला सर्च करून पास होता येतं, यात त्याचं नेमकं कुठलं कौशल्य तपासलं गेलं ते मला कोणी सांगावं.

गुजरी कॉर्नर

तुम्ही कामगाराच्या बाजूनेच बघताय. एजन्सीच्या बाजूने हिशोब वेगळा आहे. गुगल पार्टनर बॅज (एजन्सीला गुगलकडून मिळणारी मान्यतेची खूण) हवा असेल तर तीन अटी: मॅनेजर अकाउंटचा (सगळ्या क्लायंटची खाती एकत्र सांभाळणारं खातं) ऑप्टिमायझेशन स्कोअर (खातं गुगलच्या शिफारशींशी किती जुळतं त्याचे गुण) किमान ७० टक्के, ९० दिवसांत सगळ्या क्लायंटचा मिळून १०,००० डॉलर खर्च, आणि अकाउंट सांभाळणाऱ्यांपैकी निम्मे सर्टिफाइड. तिसऱ्या अटीला पोटकलम आहे: ज्या प्रकारच्या जाहिरातींवर ९० दिवसांत ५०० डॉलरच्या वर खर्च होतो, त्या प्रत्येक प्रकाराचं सर्टिफिकेट टीममध्ये असायला हवं. सर्च, शॉपिंग, व्हिडिओ वेगवेगळे मोजतात.

म्हणजे चार जणांच्या ऑफिसात दोघं सर्टिफाइड हवेत. त्यातला एक सोडून गेला की अट मोडली. सर्च, शॉपिंग, व्हिडिओ अशी तिन्ही सर्टिफिकेटं घेऊन आलेला अनुभवी माणूस मालकाला सोन्यासारखा का वाटतो ते कळलं असेल.

यातही लोक गोंधळ घालतात. परीक्षा देतात खासगी जीमेलवरून, आणि मॅनेजर अकाउंटमध्ये नाव असतं ऑफिसच्या ईमेलचं. मग सर्टिफिकेट हातात आहे, पण पार्टनर पानावर मोजणी शून्य. स्किलशॉपच्या प्रोफाइलला ऑफिसचा ईमेल जोडा, तोच मॅनेजर अकाउंटमध्ये वापरकर्ता म्हणून हवा. आणि मुदत एक वर्षाची असते. ती संपायच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावा, कारण मुदत संपली की तो माणूस मोजणीतून गळतो.

लँडिंगपेज

९० दिवसांत १०,००० डॉलर म्हणजे आठ-नऊ लाख रुपये. दंतवैद्य, क्लासेस, साडी दुकान असे महिना पंधरा-वीस हजारांचे क्लायंट असलेल्या ऑफिसाला हा आकडा गाठायला किती खाती लागतील ते मोजा. बॅज मिळण्याची शक्यताच नाही तिथेही जाहिरातीत "सर्टिफाइड आवश्यक" छापलेलं असतं. ती नक्कल आहे, गरज नव्हे.

सर्चटर्म

परीक्षा सोपी आहे ही माझी तक्रारच नाही. परीक्षा कोणाची आहे ते बघा. जाहिरातीची जागा विकणारी कंपनीच अभ्यासक्रम ठरवते. त्यामुळे "या परिस्थितीत काय कराल" या प्रश्नाचं बरोबर उत्तर बहुतेक वेळा ब्रॉड मॅच (दूरचा संबंध असलेल्या शोधांनाही जाहिरात दाखवणं) अधिक स्मार्ट बिडिंग (बोली गुगलनेच ठरवणं), नाहीतर परफॉर्मन्स मॅक्स (जवळपास सगळंच गुगलवर सोडणारं कॅम्पेन). महिन्याला दोन-तीनशे कन्व्हर्जन (क्लिकनंतरची चौकशी किंवा खरेदी) येणाऱ्या खात्यात ते चालतंही. आठवड्याला चार चौकश्या येणाऱ्या खात्यात बिडिंगला शिकायला माल काय मिळणार?

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं खातं डोळ्यांसमोर आणा. कीवर्ड (ज्या शब्दावर जाहिरात लावली तो) "कास्टिंग" म्हणजे धातूचं ओतकाम, मॅच ब्रॉड. सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी खरोखर काय शोधलं त्याची यादी) उघडला की ऑडिशन, मालिकेसाठी कलाकार हवेत, कास्टिंग डायरेक्टरचा नंबर, आणि खाली नोकरी शोधणारे मोल्डर-फिटर. (कोल्हापूरला सिनेमाची परंपरा आहे, पण फाउंड्रीवाल्याने तिचे पैसे का भरावेत?) निगेटिव्ह (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही ते) टाकताना पुढची चूक होते. साध्या कीवर्डला गुगल एकवचन, अनेकवचन, समानार्थी शब्द स्वतः जोडून घेतं. निगेटिव्हला तसं करत नाही. स्पेलिंगच्या चुका २०२४ पासून आपोआप धरल्या जातात, तेवढंच. "ऑडिशन" अडवलं तरी "ऑडिशन्स" सुटतं. "जॉब" अडवला तरी "व्हेकन्सी", "भरती", "पगार" मोकळेच. देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं वेगळी टाकावी लागतात.

लोकेशनचंही तेच. डिफॉल्ट सेटिंग "प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट" असतं: जागेवर असलेले किंवा जागेत रस दाखवणारे. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी लॉजची जाहिरात असेल तर तेच बरोबर, कारण गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसून कोल्हापूर शोधतंय. दंतवैद्याला मात्र फक्त "प्रेझेन्स" ठेवायचं. निर्यात करणाऱ्या फाउंड्रीने जर्मनी निवडून "इंटरेस्ट" तसंच ठेवलं, तर जर्मनीत नोकरी शोधणारी आपलीच पोरं क्लिक करतात. परीक्षेत या दोन पर्यायांची व्याख्या येते. कुठल्या धंद्याला कुठला पर्याय, हे नाही येत.

आणि ७० टक्के ऑप्टिमायझेशन स्कोअरचं कौतुक पुरे. शिफारस मान्य केली तरी स्कोअर चढतो, कारण देऊन फेटाळली तरी चढतो. चांगल्या कामाचा तो पुरावा नव्हे.

स्कीमा ताई

सर्चटर्म, तुमचं फाउंड्रीचं उदाहरण मान्य. पण अनुभवी माणसांचा वेगळा रोग आहे, त्याबद्दल कोणीच बोललं नाही: शिळं ज्ञान.

ब्रॉड मॅच मॉडिफायर (अधिकचं चिन्ह लावलेला शब्द शोधात हवाच, असं सांगायची सोय) जुलै २०२१ मध्ये गेला, तरी कीवर्डपुढे अधिकचं चिन्ह लावणारे सीनियर अजून आहेत. ठरलेल्या मजकुराच्या जुन्या एक्सपांडेड टेक्स्ट जाहिराती ३० जून २०२२ नंतर नव्याने करता येत नाहीत. आता रिस्पॉन्सिव्ह (गुगल स्वतः तुकडे जुळवून दाखवतं त्या), १५ हेडलाइन ३० अक्षरांच्या, ४ वर्णनं ९० अक्षरांची. पंधराही हेडलाइनमध्ये "कोल्हापुरातील नंबर १" फिरवून फिरवून लिहिणारे याच अनुभवी गटातले. युनिव्हर्सल ॲनालिटिक्स (साइटवरच्या भेटी मोजणारं गुगलचं जुनं साधन) १ जुलै २०२३ ला थांबलं. मार्च २०२४ मध्ये जीए४ ने (त्याच्या जागी आलेलं नवं साधन) कन्व्हर्जनचं नाव की इव्हेंट केलं. त्याच महिन्यात १२ तारखेला पानाच्या प्रतिसादाचा वेग मोजायचं गुगलचं माप बदललं, एफआयडी जाऊन आयएनपी आला, मर्यादा २०० मिलिसेकंद. एफएक्यू स्कीमाचे (पानातली प्रश्नोत्तरं गुगलला ओळखू देणारा कोड) रिच रिझल्ट ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक साइट्सना दिसणं बंद झालं, तरी "सर्चमध्ये प्रश्नोत्तरं दिसतील" असं सांगून त्याचे पैसे घेणारे पुढेही होते.

सगळ्यात महाग चूक जीए४ मधली. डेटा रिटेन्शन (तपशिलाचा डेटा किती काळ ठेवायचा ते) मुळात २ महिन्यांवर असतं, १४ महिने हाताने करावं लागतं. साधे रिपोर्ट दिसत राहतात म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. एक्सप्लोरेशनमध्ये (स्वतः मांडायच्या सखोल रिपोर्टमध्ये) मागच्या दिवाळीची तुलना काढायला बसलात की डेटा नाही, आणि गेलेला परत येत नाही. दरवर्षी परीक्षेच्या निमित्ताने अभ्यासक्रमावरून नजर फिरली तर अशा गोष्टी निदान डोळ्यांखालून जातात. दहा वर्षं काम केलं म्हणजे दहा वर्षांचा अनुभव झाला असं नसतं ओ, काहींचा एकच वर्षाचा अनुभव दहा वेळा झालेला असतो.

सर्चटर्म

ताई, तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी एसईओच्या. गुगलचं एसईओचं सर्टिफिकेट मुळात अस्तित्वातच नाही. आयएनपी आणि एफएक्यू स्कीमाची बातमी गुगलच्या सर्च सेंट्रल ब्लॉगवर येते, स्किलशॉपमध्ये नाही. जे "गुगल सर्टिफाइड एसईओ एक्स्पर्ट" असं कार्डावर छापतात ते बहुधा ॲड्सचं किंवा डिजिटल मार्केटिंगच्या प्राथमिक कोर्सचं सर्टिफिकेट दाखवत असतात.

स्कीमा ताई

ते छापणारे फसवतातच, त्यात दुमत नाही. सेमरश, हबस्पॉट या मार्केटिंगची साधनं विकणाऱ्या कंपन्यांचे एसईओचे कोर्स फुकट आहेत आणि त्यांचं सर्टिफिकेट म्हणजे मुख्यतः त्या त्या पद्धतीची ओळख, एवढंच मीही धरते. पण ॲड्स आणि ॲनालिटिक्सपुरता माझा मुद्दा तसाच उभा आहे.

लक्ष्मीपुरीचा हिशोबनीस

भावांनो, व्यापाऱ्यापुढं सर्टिफिकेट ठेवून बघा एकदा. गूळवाला विचारतोय, "फोन किती आलं, त्यातलं गिऱ्हाईक किती?" आणि हितंच लई सर्टिफाइड लोकांची गोची होत्या. खात्यात ८० कन्व्हर्जन, दुकानात चौकश्या ४०. का? जीए४ मधनं इम्पोर्ट केलेली की इव्हेंट आणि गुगल ॲड्सचा स्वतःचा टॅग (साइटवर बसवलेला मोजणीचा कोड), दोन्ही प्रायमरी (मुख्य आकड्यात धरायचं) ठेवल्यात. एक फॉर्म, दोनदा मोजला. एक सेकंडरी करा, भागलं. दुसरं, चौकशीच्या फॉर्मला मोजणी "एव्हरी" वर (दर वेळी मोजा) ठेवली की फॉर्म भरल्यावरचं थँक यू पान रिफ्रेश करणारा गडी दोन-दोनदा मोजला जाऊ शकतोय. चौकशीला "वन" (एकदाच मोजा), विक्रीला "एव्हरी". तिसरं, व्हॉट्सॲपच्या बटणावरचा क्लिक म्हणजे लीड न्हवं. मेसेज पाठवल्याबिगर चौकशी होत न्हाई.

आणि एक. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, गाजावाजा झाला. आसल्या वेळी "कोल्हापुरी चप्पल" ब्रॉडवर सोडून बसला की बातमी वाचणाऱ्यांचं क्लिक तुमच्या खिशातनं. "प्राडा", "वाद", "बातमी" त्याच दिवशी निगेटिव्हमध्ये जायला पायजेत. परीक्षेचा पेपर त्या दिवशी कुणी काढलेला नसतोय.

गुजरी कॉर्नर

हिशोबनीस, प्रायमरी-सेकंडरी आणि वन-एव्हरी दोन्ही मेजरमेंटच्या अभ्यासक्रमात येतात बरं का. ज्याने उत्तरं कॉपी केली त्याची गोची होते, ज्याने वाचलं त्याची नाही.

सगळी सर्टिफिकेटं एका मापाने मोजू नका, हेही सांगायचं होतं. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) ब्ल्यूप्रिंट परीक्षांना फी आहे, ओळखपत्र तपासतात, देखरेखीखाली द्यावी लागते. तिथे शेजारच्या टॅबमध्ये उत्तर शोधायची सोय नाही. बाहेरच्या देशातलं काम घेणाऱ्या फ्रीलान्सरला असा कागद पहिल्या चाळणीत कामाला येतो, कारण समोरच्याला ताराबाई पार्क कुठे आहे आणि तिथल्या कुठल्या ऑफिसाचं काम चांगलं आहे हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

लँडिंगपेज

दुसरा मार्ग आहे. गुगल ॲड्सची चेंज हिस्टरी दोन वर्षं मागची दिसते. कोणत्या तारखेला कोणी काय बदललं सगळं त्यात असतं. क्लायंटने परवानगी दिली तर रीड-ओन्ली ॲक्सेसवर पंधरा मिनिटांत कळतं की माणूस सर्च टर्म्स दर आठवड्याला बघतो की शिफारशींवर "अप्लाय ऑल" दाबतो. हिस्टरीत ऑटो-अप्लायचेच (गुगलने आपोआप केलेले) बदल दिसत असतील तर त्या खात्यात माणूस नव्हताच.

स्कीमा ताई

क्लायंट परवानगी देत नाहीत हो. करारात गोपनीयतेचं कलम असतं, आणि नोकरी सोडताच ॲक्सेस काढून घेतात. ज्याच्याकडे दाखवायला काहीच उरलं नाही त्या माणसाने काय करायचं?

सर्चटर्म

मुलाखत घेणाऱ्याने तयारी करायची. गुगलचं जीए४ डेमो अकाउंट सगळ्यांना खुलं आहे, गुगल मर्चंडाइज स्टोअरचा खरा डेटा. उमेदवाराला त्यावर बसवा: मोबाइलवर कार्टपासून खरेदीपर्यंत कुठे गळती आहे त्याचा फनेल (टप्प्याटप्प्याचा तक्ता) काढ. अर्धा तास पुरे. ॲड्ससाठी आपल्याच एका खात्याचा सर्च टर्म्स रिपोर्ट, नाव झाकून, शंभर ओळींचा द्या आणि निगेटिव्हची यादी मागा. कुठला शब्द कॅम्पेनला आणि कुठला सगळ्या खात्याला लावला हेही विचारा.

एसईओसाठी एकच प्रश्न मला पुरतो. पान गुगलच्या इंडेक्समधून (शोधयादीतून) काढायचंय म्हणून नोइंडेक्स (यादीत घेऊ नका अशी पानातली खूण) लावलं, आणि खात्रीसाठी रोबोट्स फाइलमध्येही (गुगलने कुठली पानं उघडायची नाहीत ते सांगणारी फाइल) ते अडवलं. पान निघेल का? अडवलेलं पान गुगल उघडतच नाही, त्यामुळे आतला नोइंडेक्स त्याला दिसत नाही आणि यूआरएल इंडेक्समध्ये राहू शकतं. अनुभवी माणूस लगेच म्हणतो, आधी रोबोट्समधली अडवणूक काढा. मग त्याला सर्च कन्सोलमधले (गुगलला साइट कशी दिसते ते सांगणारं साधन) "डिस्कव्हर्ड" आणि "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" यातला फरक विचारा. पहिल्यात गुगलला पत्ता माहीत आहे पण ते अजून आलेलं नाही, दुसऱ्यात येऊन बघून गेलंय आणि घेतलेलं नाही. पहिल्यावर अंतर्गत लिंक आणि सर्व्हरचा वेग बघायचा, दुसऱ्यावर पानाचा मजकूर. दोन्हीवर "रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबतो" (पान घ्या अशी गुगलला विनंती) असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

गुजरी कॉर्नर

ही चाचणी घ्यायला बसणारा स्वतः तेवढा तयार हवा ना. साडी दुकानाचा मालक घरच्या घरी मार्केटिंगचा माणूस नेमतोय, त्याला नोइंडेक्स काय कळणार? तो सर्टिफिकेटच बघणार, आणि त्यात त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.

लक्ष्मीपुरीचा हिशोबनीस

मालकानं दोन तासांची फी देऊन कुणीतरी जाणकार बसवावा मुलाखतीला. हिशोबाला सीए बसवतोच की.

लँडिंगपेज

एवढ्यावर मी मान्य करतो: एजन्सीला बॅजसाठी सर्टिफिकेट लागत असेल तर जाहिरातीतून "आवश्यक" काढा आणि "रुजू झाल्यावर ३० दिवसांत ऑफिसच्या ईमेलवरून द्यावे लागेल" असं लिहा. परीक्षा फुकट आहे, जाणकाराला दोन संध्याकाळी पुरतात. कागद नाही म्हणून चांगला माणूस चाळणीतच पडायला नको.

स्कीमा ताई

संध्याकाळी कशाला? ऑफिसला बॅज हवाय तर ऑफिसच्या वेळेत द्या.