मदत हवी आहे: काचेला चिकटलेला वर्गाचा फोटो

आमच्या दहावीच्या वर्गाचा ग्रुप फोटो एका मैत्रिणीकडे सापडला. कृष्णधवल, पुठ्ठ्यावर डकवलेला, फ्रेममध्ये. पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर उभी मुलं. पण दमटपणामुळे तो मध्येच काचेला चिकटलाय, तोही नेमका आमच्या वर्गशिक्षिका बाईंच्या चेहऱ्यापाशी. ओढून काढला तर फोटोवरचा जिलेटिनचा थर, ज्यात चित्र असतं, तो काचेवरच राहील, म्हणून कुणालाही हात लावू दिलेला नाही. काचेसकट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करायला गेले, तर फ्रेमच्या कडेमुळे काच स्कॅनरला टेकत नाही आणि सगळं धूसर येतं. अशा वेळी कॅमेऱ्यानेच फोटो काढावा का? काचेवरची चमक कशी टाळायची? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

दुसरं म्हणजे नावं. मागच्या रांगेतले चेहरे ओळखीचे वाटतात, नावं काही केल्या आठवत नाहीत. चेहऱ्यांवर आकडे घालून सगळ्यांना पाठवायचा बेत आहे. व्हॉट्सॲपवर नुसता टाकला की बारीक चेहरे पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवीन. जे आता हयात नाहीत, त्यांच्याबद्दल काही लिहिण्याआधी घरच्यांना विचारावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही अशा वेळी काय केलंत?