मदत हवी आहे: ‘देशातले सगळे मार्ग संपले’ म्हणजे नेमकं कधी?

मंडळी, शुक्रवारी आमच्या वाचक गटात मानवी हक्कांवर वीस मिनिटं बोलायचंय. संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा सोपा गेला. पहिल्या कलमातलं ‘सर्व पुरुष’ बदलून ‘सर्व माणसं’ व्हावं म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या, हे सांगितलं की लोक कान टवकारतात. गाडी अडलीय ती पुढे. जाहीरनामा म्हणजे करार नव्हे. कायद्याने बांधतात ते १९६६ चे दोन करार. त्यातल्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारासोबतचा ऐच्छिक प्रोटोकॉल (म्हणजे देशाने हवा तर स्वीकारायचा जोड-करार) ज्या देशाने स्वीकारलाय, तिथला माणूस थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार करू शकतो. पण आधी देशातले सगळे उपाय करून झालेले हवेत. आता कोठडीत छळ झालेल्या माणसाची फिर्यादच कुणी नोंदवून घेत नसेल तर? किंवा खटला बारा वर्षं नुसता तारखांवर चाललाय? प्रोटोकॉलच्या पाचव्या कलमात अवाजवी विलंब झाला तर सूट आहे, इथवर पोचलोय. पण तो ‘अवाजवी’ आहे हे समिती कशावरून ठरवते? नुसती वर्षं मोजते की प्रकरण किती गुंतागुंतीचं आहे तेही बघते? या विषयात काम केलेलं कुणी असेल तर एखादं खरं प्रकरण साध्या भाषेत सांगाल का? जाडजूड ग्रंथ मात्र सुचवू नका, हातात चारच दिवस आहेत!